नाव खरवडायचं नाही

दानियल वरसोलकर पाटी रंगवायला बसले की आधी नुसते बघत बसायचे. समोर कोरी फळी, हातात कोरडा ब्रश आणि माणूस गप्प. फोरमन येऊन घड्याळ दाखवून जायचा. मी मागे उभा राहून कंटाळायचो. मग कधीतरी ते मान हलवायचे आणि कामाला लागायचे. एकदा ब्रश टेकला की अक्षर पुरं केल्याशिवाय उचलायचा नाही. पेन्सिलीची रेघ नाही, दोरी नाही, पट्टी नाही. मग इंग्रजी असो नाहीतर अरबी. एकदा मी वैतागून विचारलं, भाऊ, एवढं काय बघता? तर म्हणाले, अक्षर आधी बसतं कुठे ते बघतो, ते बसलं की आपण फक्त त्याच्यावरून रंग फिरवायचा.

हे सगळं कुवेतमधलं. कुवेत स्वतंत्र झालं त्याच्या चार वर्षं आधी मी तिथे उतरलो. मुरूडजवळचं आमचं गाव, तेव्हाचा कुलाबा जिल्हा, आताचा रायगड. लहानपणी मौलवीसाहेबांनी छडीच्या जोरावर अरबी गिरवून घेतली होती, तीच पुढे पोटाला कामी आली. शुऐबा नावाच्या गावाच्या वाटेवर एका कंत्राटदाराचा कारखाना होता. दारं, खिडक्या, कपाटं आणि पाट्या. एक भागीदार इंग्रज, तो वर्षातून दोनदा दिसायचा. दुसरे कुवेती, अबू नासर, ते रोज दिसायचे. मी तिथे कारकून आणि दुभाष्या. पाटीवर अरबीत काय लिहायचं ते मी कागदावर लिहून द्यायचो आणि दानियलभाऊ ते फळीवर चढवायचे. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. तो कागद हातात घेतला की भाऊ एक सुस्कारा सोडायचे. सहा वर्षं सोडला, एकदाही चुकवला नाही.

माणूस दिसायला साधा. उंच, सावळा, खाकी चड्डी, कानामागे ब्रश. पण नखं बघाल तर डॉक्टरसारखी. रंगकाम करणाऱ्याच्या नखात रंग दिसला तर तो रंग पाटीवर कमी पडला असं समजावं, हे त्यांचं म्हणणं. दुसरी एक खोड होती. लिहिलेला कागद पायाखाली येऊ द्यायचा नाही. खजूर बांधून आलेला वर्तमानपत्राचा तुकडा असो, सिमेंटच्या पोत्यावरचा छाप असो, वाकणार, उचलणार, झटकणार आणि उंच कुठेतरी ठेवणार. आमच्या खोलीतलं कपाट वरून असल्या कागदांनी भरलेलं असायचं. मी म्हणायचो, भाऊ, हे काय रद्दीचं दुकान काढलंय? ते म्हणायचे, लिहिणाऱ्यानं मेहनत घेतलीय बाबा.

आम्ही चौघं एका खोलीत राहायचो. बाहेर जाता-येता भाऊ दाराच्या उजव्या चौकटीला दोन बोटं लावायचे आणि ती ओठांशी न्यायचे, अगदी चटकन, नाक खाजवल्यासारखं. बाकीच्या दोघांना वाटायचं, रंगारी आहे, चौकटीचा रंग सुकला का बघतोय. मलाही पहिले दोन महिने तसंच वाटलं. अक्कल म्हणतात ती उशिराच येते.

ती आली एका शनिवारी. आमची सुट्टी शुक्रवारची. भाऊंनी मात्र फोरमनशी ठरवून घेतलं होतं की शुक्रवारी मी एकटा येऊन तातडीच्या पाट्या पुऱ्या करीन, मला सुट्टी शनिवारी द्या. फोरमन कशाला नको म्हणतोय? त्याला सुट्टीच्या दिवशीही काम मिळत होतं. त्या शनिवारी मला ताप होता म्हणून मी खोलीवर. बघतो तर भाऊंनी दिवसभर स्टोव्ह पेटवला नाही. आदल्या दिवशीचा गार भात खाल्ला. मला चहा हवा होता, तर शेजारच्या खोलीतल्या माणसाला सांगून करवून आणला. स्वतः काडी ओढली नाही. मी पडल्या पडल्या बघत होतो आणि एकदम डोक्यात उजेड पडला. अरे, हे तर मी जन्मापासून बघितलंय. आमच्या गावात शेवटच्या आळीला तेल्यांची चार घरं होती. त्यांचा घाणा शनिवारी बंद. बाजार असो, लग्नसराई असो, शनिवारी त्या घाण्याचा बैल सावलीत उभा. आणि त्यांच्या दाराच्या उजव्या चौकटीला पवित्र लिखाणाची छोटी डबी, येता-जाता तिला बोटं लावून ती ओठांशी न्यायची. सगळा कुलाबा जिल्हा त्यांना शनवार तेली म्हणायचा. मुंबईचे शिकलेले लोक त्यांनाच बेने इस्राएल म्हणतात. आपले मराठी यहुदी.

मी विचारलं, "भाऊ, तुमचा घाणा कुठल्या गावचा?"

त्यांच्या हातातलं पाण्याचं भांडं तसंच राहिलं.  त्यांनी माझ्या टोपीकडे बघितलं. मग खाली बसले आणि म्हणाले, "वरसोली. अलिबागच्या अलीकडे. आजोबांपर्यंत घाणा होता. आता तू काय करणार आहेस ते सांग."

काय करणार? मी म्हटलं, चहा गार झालाय, दुसरा करवून आणा. तेव्हा कुठे त्यांना हसू आलं.

त्यांची भीती काय होती ते मी सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. त्या दिवसांत त्या मुलखात यहुदी माणसाला नोकरीच काय, उतरायलाही मिळत नसे. मुंबईत भरतीच्या वेळी फॉर्म भरणाऱ्या कारकुनानं दानियल हे नाव ऐकलं आणि धर्माच्या रकान्यात परस्पर ख्रिस्ती लिहून टाकलं. भाऊंनी बघितलं. दुरुस्त करायला तोंड उघडणार होते. पण मागे रांग होती, घरी बायको आणि रिबका नावाची मुलगी होती, आणि रिबकाला शाळा संपवून नर्सिंगला जायचं होतं. ते गप्प बसले. तोच फॉर्म पुढे चालत राहिला. खरं कळलं असतं तर पहिल्या बोटीनं परत पाठवणी. मला ते म्हणाले, इब्राहिम, रोज लोकांची नावं रंगवतो, त्यात एक जेर-जबर, म्हणजे आपली काना-मात्रा, चुकू देत नाही, आणि माझ्या स्वतःच्या कागदावर खोटं लिहिलेलं आहे. हे त्यांना किती बोचत होतं ते मला तेव्हा कळलं नाही. मी म्हटलं, एका शब्दानं काय होतं? त्यांनी मला चहा प्यायला सांगितलं.

गुपित एकदा फुटल्यावर भाऊ माझ्याशी मोकळे झाले. शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की मी कारखान्यात जाऊन बसायचो. तिथे दुसरं कुणी नसायचं. भाऊंची पाटी झालेली असायची आणि सूर्य बुडेपर्यंत हात मोकळे असायचे. शेडच्या मागे वाळूत काडीनं ते मला इब्रानी, म्हणजे हिब्रू, अक्षरं काढून दाखवायचे. मला शिकायची हौस होती असं नाही. पण त्यांना कुणाला तरी दाखवायची केवढी हौस होती. अलेफ, बेथ, गिमेल, दालेथ. मी म्हटलं, हे आमचंच अलिफ, बे, जीम, दाल. ते म्हणाले, मग काय, तुझं नाव इब्राहिम आणि माझ्या आजोबांचं अब्राहम, अक्षरं तरी कुठून वेगळी येणार? बेथ म्हणजे घर, म्हणून एका बाजूनं उघडं. गिमेल म्हणजे उंट. समोरच्या रस्त्यावरून वाळवंटातल्या भटक्या बदूंचे उंट चालले होते, ते दाखवून म्हणाले, बघ, गिमेल चालले. अलेफला स्वतःचा आवाज नाही, तो नुसता तोंड उघडतो. म्हणून त्याला पहिला नंबर, कारण जो गप्प राहू शकतो त्याला पुढे बसवावं. मी म्हटलं, मग मला शेवटी बसवतील. ते म्हणाले, तुला वर्गाबाहेर.

त्यांच्यात प्रत्येक अक्षर म्हणजे आकडाही असतो. हेथ आठ आणि योद दहा, दोन्ही मिळून शब्द होतो हाय, म्हणजे जिवंत. म्हणून अठरा हा शुभ आकडा. कुणाला खजूर दिले तर अठरा मोजून देणार. मला ईदला दिले तेव्हा मी एक आधीच तोंडात टाकला, तर म्हणाले थांब, आणि दुसरा आणून ठेवला.

पण खरे रंगात यायचे ते अक्षरांच्या पायांवर बोलताना. पाट्या रंगवणारा माणूस, त्याला अक्षर आधी पायाकडून दिसतं. एमेत म्हणजे खरं. त्यात तीन अक्षरं. एक वर्णमालेचं पहिलं, एक मधलं, एक शेवटचं. सगळी वर्णमाला पायाखाली घेऊन उभा राहिलेला शब्द, आणि तिन्ही अक्षरांची बैठक पक्की. शेकेर म्हणजे खोटं. त्याची तिन्ही अक्षरं वर्णमालेत एकमेकांना चिकटून, घाबरल्यासारखी, आणि तिन्ही एका पायावर उभी. त्यांच्या बापानं त्यांना हे लहानपणी पाटीवर काढून दाखवलं होतं. ते वाळूत दोन्ही शब्द काढायचे आणि म्हणायचे, तूच सांग, वाऱ्यात कुठली पाटी टिकेल? आणि मग हातानं वाळू सारखी करायचे. हातानं, पायानं कधी नाही.

त्यांच्यात देवाचं एक नाव आहे, चार अक्षरांचं. ते उच्चारत नाहीत. ती चारी अक्षरं त्यांनी मला सुटी सुटी शिकवली, पण एकत्र कधी काढली नाहीत. मी एका शुक्रवारी हट्टच धरला. एकदा दाखवा, मी काय कुणाला सांगणार आहे? ते म्हणाले, सांगण्याचा प्रश्न नाही. मी ते वाळूत काढलं तर वारा ते पुसणार, आणि वाऱ्याच्या हातात ते देणारा मी. ते नाव लिहिलं की पुसायचं नाही, खरवडायचं नाही, फाडायचं नाही. वरसोलीला प्रार्थनेचं पुस्तक जुनं झालं, पानं सुटली, तरी ते कुणी रद्दीत घालत नाही. कापडात गुंडाळून कबरस्तानात पुरतात, माणूस पुरावा तसं. त्यांच्या आजोबांनी असं एक पुस्तक पुरलं त्या दिवशी घरात सगळे हळू बोलत होते, एवढं त्यांना आठवत होतं.

आणि एक गोष्ट ते सांगायचे तेव्हा त्यांची मान वर व्हायची. त्यांचे पूर्वज कधी काळी जहाज फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले. पुस्तकं बुडाली. शेकडो वर्षं गेली. भाषा गेली, अक्षरं गेली, नावंसुद्धा गावांची पडली. एक वाक्य राहिलं, शेमा. देव एक आहे एवढंच सांगणारं. जन्माला तेच, लग्नाला तेच, मरताना तेच. पुढे बाहेरून यहुदी आले, त्यांनी विचारलं तुम्ही कोण, तर ह्यांच्याकडे दाखवायला ते एक वाक्य आणि शनिवारचा बंद घाणा. तेवढ्यावर ओळख पटली. भाऊ म्हणायचे, पोथीत शेमा लिहितात तेव्हा पहिल्या शब्दाचं शेवटचं अक्षर आणि शेवटच्या शब्दाचं शेवटचं अक्षर मोठं काढतात. ती दोन अक्षरं जोडली की शब्द होतो साक्षीदार. मोठं अक्षर काढतात ते लांबून दिसावं म्हणून, हे पाटीवाल्याला सांगायला नको. माझ्या आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण ती साक्षीदार होती, असं ते म्हणायचे. मला आपली माझी आजी आठवायची. तिला कलम्याशिवाय दुसरं काही येत नव्हतं.

आता त्या पाट्यांची गोष्ट. कुवेतमध्ये लाकूड म्हणजे सोनं. झाड नाही, सगळी फळी समुद्रावरून यायची. म्हणून जुन्या पाट्या परत आल्या की त्या खरवडून, घासून, पुन्हा रंगवायच्या, ही कारखान्याची रीत. दुकान बदललं, रस्त्याचं नाव बदललं, घरमालक बदलला की ढिगानं पाट्या यायच्या. आता तिथे अब्दुल्ला नावाची माणसं किती असतील ते विचारू नका. अब्दुल्ला, सादुल्ला, दुकानांच्या पाट्यांवर वर बिस्मिल्ला. खरवडणाऱ्या टोळीत बहुतेक आमचेच मुसलमान लोक होते. पत्रा घेऊन बसायचे, गप्पा मारत भराभर खरवडायचे. मीही तिथे उभा राहून गप्पा मारायचो. कुणाच्या मनात काही आलं नाही. खोटं कशाला बोलू, माझ्याही नाही.

भाऊंना एकदा फोरमननं खरवडायला बसवलं. त्यांनी ढिगातून पाट्या निवडल्या. काही खरवडल्या, काही बाजूला ठेवल्या. मी जवळ गेलो आणि बाजूच्या वाचल्या. प्रत्येकीवर अल्लाचं नाव. मी म्हटलं, भाऊ, हे तुमचं ते चार अक्षरांचं नाव नाही. हे अरबी आहे. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी काही तरी लहान मुलासारखं बोललो. "दारात पाहुणा आला तर तो कुठल्या वाटेनं आला ते बघून पाणी देतोस का?" एवढंच म्हणाले. मला शरम वाटली. एवढी शरम की मी तिथून निघून गेलो.

त्यानंतर असल्या पाट्या शेडमधून गायब व्हायला लागल्या. शुक्रवारी सकाळी भाऊ एकटे असायचे. जुन्या चादरीत दोन-तीन पाट्या गुंडाळून कारखान्यामागे दूर जायचे, जिथे कुणाची वाट नाही, आणि वाळूत खोल पुरायचे. मी एकदा सांगून बघितलं की लाकडाचा हिशेब फोरमन ठेवतो, हात दाखवून अवलक्षण कशाला. ते म्हणाले, मग मी काय करू, खरवडू?  दोन वर्षं हे चाललं.

कुवेत स्वतंत्र झाल्याला दोन वर्षं झाली असतील. सगळ्या परदेशी माणसांचे राहण्याचे कागद नव्यानं करायचे होते, इकामा म्हणतात तो. त्याच महिन्यात पहारेकऱ्यानं भाऊंना वाळू उकरताना बघितलं. फोरमननं माणसं पाठवून खणून काढलं. चादरीत गुंडाळलेल्या, नीट एकीवर एक रचलेल्या पाट्या. फोरमनच्या मते प्रकरण सरळ होतं. लाकूड चोरून पुरायचं, मग गुपचूप विकायचं. पाट्या आणि भाऊ, दोन्ही अबू नासरांच्या खोलीत हजर केले. मी दुभाष्या म्हणून.

अबू नासर थोराड माणूस. तरुणपणी गलबतावरून मुंबईला खजूर घेऊन जायचे. हातात तसबी, म्हणजे जपमाळ, बोलणं कमी. त्यांनी विचारलं, का चोरलंस? भाऊंना बाजारापुरतं अरबी समजायचं, पण नेमकं बोलायचं असलं की ते मराठीत बोलत. म्हणाले की चोरल्या नाहीत, पुरल्यात. ह्या प्रत्येक पाटीवर देवाचं नाव आहे. आमच्यात देवाचं नाव खरवडत नाहीत, जुनं झालं की मातीत ठेवतात.

मी भाषांतर केलं. पण त्यातलं ‘आमच्यात’ तेवढं गाळलं. म्हटलं, हा म्हणतोय की अल्लाच्या नावावर पत्रा फिरवायला ह्याचा हात धजला नाही. अबू नासरांनी समोरचा भाऊंचा जुना कागद बघितला. म्हणाले, हा तर नसरानी आहे, ख्रिस्ती. माझ्याकडे ख्रिस्ती हिशेबनीस आहे, ख्रिस्ती डॉक्टर आहे, असलं कधी ऐकलं नाही. विचार त्याला, हे कुणी शिकवलं?

भाऊ म्हणाले, "मी ख्रिस्ती नाही. आपल्याकडचे लोक आम्हांला काय म्हणतात ते तुला ठाऊक आहे. ते ह्यांना सांग."

 खोलीत मराठी समजणारे आम्ही दोघंच. मी अरबीत सांगून टाकलं की लहानपणी ह्याच्या आजीनं शिकवलं. आजीला अरबीत काय म्हणतात हे नेमकं भाऊंना माहीत होतं.

"इब्राहिम, मी आजीचं नाव घेतलं नाही. जे सांगितलं ते सांग."

मी मराठीतच विनवलं, भाऊ, बोटीवर बसवतील. रिबकाचा विचार करा. फोरमन आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत होता.

"बसवू दे. सहा वर्षं मी ह्या लोकांची नावं नीट लिहिली," भाऊ म्हणाले. "माझं एकदा तरी नीट सांग."

मग मी सांगितलं.  हा माणूस यहुदी आहे, म्हटलं. आमच्या जिल्ह्यातला आहे. आमच्या गावातही ह्याचे लोक आहेत, आणि त्यांच्यापैकी कुणी कधी काही चोरल्याचं मी ऐकलेलं नाही. शेवटचं वाक्य माझ्या पदरचं.

तसबी थांबली. अबू नासरांनी फोरमनला बाहेर जायला सांगितलं.  दार लागल्यावर माझ्याकडे बघत म्हणाले की आपल्या लहानपणी इथल्या बाजारात यहुदी कापडवाले होते. ईदचं कापड बाबा त्यांच्याकडूनच घ्यायचे, कारण मापात एक बोटही कमी भरायचं नाही. मग ते लोक गेले. एवढं बोलून ते उठले, वरची पाटी उचलली, तिच्यावरची वाळू स्वतःच्या बाहीनं पुसली आणि नावाला ओठ लावले. म्हणाले, माझ्या कारखान्यात इतके मुसलमान आहेत, ह्या नावावर पत्रा फिरवताना एकाचाही हात थांबला नाही. हे म्हणताना ते माझ्याकडेच बघत होते. मी जमिनीकडे बघितलं.

पुढे त्यांनी जे म्हटलं ते मी भाऊंना शब्द न शब्द सांगितलं, कारण ते आनंदाचं होतं. मी काही ऐकलेलं नाही, ते म्हणाले. जुन्या कागदावर नसरानी आहे, नव्या कागदावर नसरानीच राहील. ह्यापुढे असली एकही पाटी कुणी खरवडणार नाही. जा, कामाला लाग.

माझ्या जिवात जीव आला. मी उठलोसुद्धा. भाऊ बसूनच होते. त्यांनी अबू नासरांचे आभार मानले, अगदी छातीवर हात ठेवून. मग विचारलं, तो रकाना दुरुस्त करता येईल का?

अबू नासर म्हणाले, दुरुस्त केला तर तुला इथे ठेवता येणार नाही. मला ठेवायचं असलं तरी. पुन्हा ह्या किनाऱ्यावर कधी उतरताही येणार नाही. भाऊ म्हणाले, माहीत आहे.

माझं डोकंच फिरलं. मी त्यांना हाताला धरून बाहेर व्हरांड्यात आणलं आणि नको नको ते बोललो. बुडणाऱ्याला हात मिळाला आणि हा हात झटकतोय, असलं काही. म्हटलं, सहा वर्षं ते खोटं चाललं, तेव्हा चाललं ना? भाऊंनी मला बोलून घेऊ दिलं. मग शांतपणे म्हणाले, "तेव्हा दुसऱ्यानं लिहिलं आणि मी गप्प बसलो. आज मला विचारलं आणि मी सांगितलं. आता ते नसरानी तसंच राहू दिलं, तर ते माझ्या हातचं होईल." रिबकाचं काय, मी विचारलं. तर म्हणाले की मुंबईत पाट्या लागतातच की, जरा जास्त रंगवीन. आणि तिला बाप कोण ते कागदावर वाचता येईल.  खरं सांगतो, त्या क्षणी मला त्या माणसाचा असा अभिमान वाटला की आमच्या जिल्ह्याच्या मातीत हा जन्मला हे साऱ्या बाजारात ओरडून सांगावं.

आत गेलो. अबू नासरांनी परतीचा कागद आणि बोरू माझ्यापुढे ठेवला. मी शाईत बुडवला. भाऊंनी तो माझ्या हातातून काढून घेतला. म्हणाले, तू नको, तुझं अक्षर कुणाला लागणार नाही. मग धर्माच्या त्या रिकाम्या रकान्याकडे ते बघत बसले. अबू नासर थांबले, मी थांबलो. शेवटी त्यांनी मान हलवली आणि अरबीत, उजवीकडून डावीकडे, एका दमात, यहुदी हा शब्द लिहिला. बोटभर रकाना, पण मी त्यांच्या हातची एवढी सुंदर दुसरी पाटी पाहिली नाही. अबू नासरांनी शाई सुकेपर्यंत कागद तसाच ठेवला. दुसऱ्या शुक्रवारी त्यांनी त्या सगळ्या पाट्या आपल्या घराण्याच्या कबरस्तानाच्या कडेला पुन्हा पुरून घेतल्या. स्वतः उभे होते.

शुवैख बंदरावर भाऊंना पोचवायला मी गेलो. बोट मुंबईची. कागद तपासायला एक तरुण अंमलदार बसला होता. त्यानं भाऊंचा कागद घेतला, वरून खाली वाचत आला आणि त्या रकान्यावर थांबला.  त्यानं भाऊंकडे बघितलं, पुन्हा कागदाकडे. मागची माणसं खोळंबली. मग त्यानं त्या शब्दाखाली बोट धरलं, कागदाला न लावता, आणि विचारलं, हे कुणी लिहिलंय?

मी भाषांतर करायला तोंड उघडलं, पण भाऊंनी मला थांबवलं आणि स्वतःच अरबीत उत्तर दिलं. "मी."

अंमलदारानं शेजारच्या कारकुनाला बोलावून तो शब्द दाखवला. दोघं वाकून बघत राहिले. कारकून हळूच म्हणाला, अक्षर बघ, काय अक्षर आहे. मग शिक्का पडला. भाऊंनी कागद घेतला, त्या शब्दावर घडी येणार नाही अशा बेतानं दुमडला, खिशात ठेवला आणि शिडी चढून गेले.